डिजिटल लोकसेवांवरील संशोधन: ‘लोक वापरतील का?’ याच्या पुढे काय?

प्रश्न
नमस्कार. डिजिटल लोकसेवांवर पीएच.डी.साठी विषय ठरवत आहे. आतापर्यंत वाचलेले बरेचसे शोधनिबंध एकाच साच्यातले वाटले: प्रश्नावली वाटायची, फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपाप्रमाणे सेवा किती उपयुक्त आणि किती सोपी वाटते ते मोजायचे, आणि त्यावरून ‘वापरण्याचा इरादा’ काढायचा. माझ्या मार्गदर्शकांच्या मते ही वाट आता फारच मळलेली आहे. सध्या अभ्यासकांचा कल कोणत्या प्रश्नांकडे आहे?

प्रतिसाद १
मार्गदर्शकांशी मी सहमत आहे. पूर्वी शासनाने काय उभारले हेच प्रामुख्याने मोजले जाई. लेन आणि ली यांच्या २००१ च्या प्रारूपात ई-शासनाच्या वाढीचे चार टप्पे होते: माहिती मांडणे, व्यवहार करू देणे, मग शासनाचे वरचे-खालचे स्तर जोडणे आणि शेवटी निरनिराळी खाती जोडणे. नागरिकाच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्यात मागे राहिला.

आता ‘प्रशासकीय ओझे’, म्हणजे सरकारी सेवा मिळवताना नागरिकाला सोसावा लागणारा त्रास, ही संकल्पना पुढे आली आहे. हर्ड आणि मॉयनिहान यांनी तिचे तीन भाग केले आहेत: माहिती मिळवण्याचा खर्च, अटी पूर्ण करण्याचा खर्च आणि मानसिक खर्च. दोन कागदपत्रांवर नावाचे स्पेलिंग एका अक्षराने वेगळे असल्याने अर्ज पुढे सरकत नाही, तेवढ्यात वेळ संपून पान बंद होते आणि भरलेले सगळे पुसले जाते. अशा माणसाला वापरण्याचा इरादा विचारला तर तो ‘हो’ असेच सांगेल; त्याने सोसलेले ओझे त्या उत्तरात दिसणार नाही.

प्रतिसाद २
ओझ्याइतकाच महत्त्वाचा विषय म्हणजे निर्णय कोण घेतो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचा विवेकाधिकार संगणकप्रणाली घडवणाऱ्यांकडे सरकतो, हे बोव्हेन्स आणि झुरिडिस यांनी २००२ मध्येच मांडले होते. ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ प्रकरणात, म्हणजे सरकारी भत्त्यांची जादा दिलेली रक्कम संगणकप्रणालीने शोधून वसूल करण्याच्या योजनेत, लाभार्थ्याचे वर्षभराचे उत्पन्न पंधरवड्यांत सरासरीने वाटले गेले; त्यामुळे ज्यांना काही महिनेच काम मिळाले होते, अशा लोकांवरही नसलेली थकबाकी दाखवली गेली. त्यावरील रॉयल कमिशनचा (चौकशी आयोगाचा) अहवाल २०२३ मध्ये आला. चूक गणिताच्या गृहीतकातच होती आणि ती खोटी ठरवण्याची जबाबदारी मात्र लाभार्थ्यावर पडली. माझ्या मते खरा संशोधनविषय या उलटलेल्या जबाबदारीत आहे.

प्रतिसाद ३
एक पद्धतीविषयक सूचना. प्रश्नावलीला कंटाळून अनेक जण थेट सर्व्हरच्या नोंदींकडे वळतात. पण त्या नोंदींत दारापर्यंत न पोहोचलेला माणूस दिसत नाही. शिवाय, खाते ज्याच्या नावाचे, अर्जही त्यानेच भरला, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात मुलगी, शेजारी किंवा केंद्रचालक भरतो, ओटीपी फोनवरून विचारला जातो, आणि नोंदीत मात्र ‘यशस्वी वापरकर्ता’ म्हणून अर्जदाराचेच नाव लागते. आपण मुलाखती घेणारच असाल, तर पहिला प्रश्न समाधानाचा न ठेवता ‘अर्ज कोणी भरून दिला?’ असा ठेवून पाहा.