पुण्याच्या बागेत लिंकनचा पुतळा हवा का?

गंजपेठकर:
परवा फुलेवाड्यावरून जाताना डोक्यात आलं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना सोडवलं म्हणून. ती गुलामी संपवणाऱ्या अध्यक्ष लिंकनचा पुतळा इंग्लंडच्या मँचेस्टरात आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस थांबला, गिरण्या बंद पडल्या, तरी तिथले कामगार गुलामीविरुद्ध उभे राहिले. १८६३ मध्ये लिंकनने पत्र लिहून त्यांची कदर केली. मग आपल्या सारसबागेत एक पुतळा का नको?

सदाशिवपेठी:
मँचेस्टरवाले उपाशी राहिले हो. त्याच काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा सट्टा पेटला, आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळे झोपले. चौथऱ्यावर काय कोरायचं, 'आपल्या कृपेने भाव चढला'? शिवाय संभाजी बागेतला नाटककार राम गणेश गडकरींचा पुतळा २०१७ साली एका रात्रीत मुठा नदीत गेला. ते तर घरचे होते.

गंजपेठकर:
सट्टा शेटजींचा, त्याचं ओझं जोतीरावांवर कशाला? आणि कुणी फोडेल म्हणून काही उभारायचंच नाही, तर शहरात फक्त उड्डाणपूल उरतील.

कोथरूडची मुलगी:
दादा, अर्पणपत्रिका पुन्हा वाचा. त्यात लिंकनचं नावच नाही. मान दिलाय तो तिथल्या सदाचारी लोकांना.
वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कमधला १८७६ चा पुतळा मुक्त झालेल्या गुलामांच्या वर्गणीतून झाला. पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या बाईंचे, स्वतःच्या कमाईतले. आणि घडवलं काय? लिंकन उभा, काळा माणूस त्याच्या पायाशी गुडघ्यावर. अनावरणाच्याच भाषणात फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळालेला, म्हणाला की लिंकन आधी गोऱ्यांचा अध्यक्ष होता. अध्यक्ष ग्रँट समोर बसलेले असताना! बोस्टनमधली त्याची प्रतिकृती २०२० मध्ये काढली. पैसे देणाऱ्या बाई मात्र पुतळ्यात नाहीत. आपल्याकडेही हेच होणार, वर एक मोठा माणूस आणि खाली वाढदिवसाचे फ्लेक्स.

सदाशिवपेठी:
ताई, फ्लेक्सचं राहिलंच होतं.

गंजपेठकर:
घरी जाऊन पुस्तक काढलं. नाव नाही, खरंय. मग पुतळा राहू द्या. ती अर्पणपत्रिकाच दगडात कोरून बागेत लावू.

सदाशिवपेठी:
दगडाला हरकत नाही. शुद्धलेखन मात्र जोतीरावांचंच ठेवा. दुरुस्त करायला आमच्या पेठेतून रांग लागेल, कुणाला हात लावू देऊ नका.