कंपनीच्या खर्चाने ट्रक चालवायला शिकावे का?

निगडीकर :
चाकण भागातली एक मालवाहतूक कंपनी सहा आठवडे राहण्या-जेवणाच्या सोयीसह अवजड वाहन चालवायला शिकवते आणि परवान्याचा खर्चही स्वतः करते, तेव्हा ‘रिकाम्या बसलेल्या मुलांनी डोळे झाकून सही करून टाकावी’, असे परवा एका सदस्याने लिहिले. हा सल्ला वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या शेजारच्या मुलाला अशाच एका कंपनीने दिलेला करार मी ओळ न ओळ वाचला आहे. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे नोकरी सोडायची नाही. सोडली तर दीड लाख रुपये भरायचे, आणि ही रक्कम पहिल्या महिन्यात जितकी, तितकीच तेविसाव्या महिन्यातही. मूळ परवाना आणि दहावीची गुणपत्रिका कार्यालयात जमा ठेवायची. ऊसतोडीच्या मजुराला मुकादम उचल देतो आणि हंगामभर बांधून ठेवतो, त्याहून हे वेगळे कसे, ते मला कोणी समजावून सांगावे.

शिवाय ‘रिकाम्या मुलाला सहा आठवड्यांत ड्रायव्हर करतो’ ही जाहिरातही अर्धवट आहे. मोटार वाहन कायद्यानुसार परिवहन वाहनासाठी (ट्रक त्यातच येतो) वयाची वीस वर्षे पूर्ण लागतात, आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर हातात असल्याशिवाय अशा वाहनाचे लर्निंग लायसन्स निघतच नाही. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये गेली, ही मात्र टिकून आहे. म्हणजे पहिले वर्ष मुलाने स्वतःच्या पैशाने काढलेले असते, आणि कंपनी उरलेल्या टप्प्यावर पूर्ण हक्क सांगते.

चाकणकर :
निगडीकर, मी त्या कंपनीत नाही, पण अशाच एका कंपनीत गाड्या नेमून देण्याचे काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. शिकाऊ मुलासाठी गाडी फेरीवरून काढून ठेवावी लागते, डिझेल जळते, क्लचप्लेट आणि टायर झिजतात, प्रशिक्षकाचा पगार वेगळा. एवढे करून हेवी लायसन्स हातात पडले की, महिन्याला दोन हजार जास्त देणाऱ्या ट्रान्सपोर्टकडे मुलगा निघून जातो. आमच्या मागच्या तुकडीतले निम्मे असेच गेले. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, नसेल तर हा खर्च कोणी का करावा? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची अट आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली आहे. ‘उचल’ हा शब्द वापरून आपण प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांचाही अपमान करत आहात.

मंचरकर :
मी ट्रक शिकलो तो क्लीनर म्हणून. उस्तादाची गाडी धुवायची, ताडपत्री ओढायची, रस्सी आवळायची, रात्री गाडीखाली अंथरूण टाकून मालाची राखण करायची, आणि त्याची मर्जी असेल तेव्हा मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हातात मिळायचे. करार नव्हता, पण चुकलो की थप्पड होती. कितीतरी वर्षे यात गेली. त्यामुळे कोणी वर्गात बसवून, जेवू घालून शिकवत असेल तर त्याला वेठबिगारी म्हणताना निदान आमच्यासारख्यांना विचारावे. मात्र सहा आठवड्यांत कोणी ड्रायव्हर होतो, हे मला पटत नाही.

वारजेकर :
या चर्चेत पुण्यातल्या महामार्गावरच्या नवले पुलाचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? मी रोज तिथून जातो. नवीन कात्रज बोगदा ओलांडून अवजड गाड्या उतारावर न्यूट्रलमध्ये, म्हणजे गिअर काढून, सोडतात आणि खाली माणसे चिरडली जातात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एकाच गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथेच कंटेनर आदळून आग लागली व लोक होरपळून मेले. तुम्ही बाँडच्या रकमेवर भांडत आहात. मला एकच सांगा, या प्रशिक्षणातून बाहेर पडणारा मुलगा त्या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवणार आहे का?

मंचरकर :
वारजेकर, तुमचा राग समजतो, पण ड्रायव्हर हौसेने न्यूट्रल करत नाही. फेरीला डिझेल मोजून मिळते. उरले तर त्याचे, कमी पडले तर त्याच्या पगारातून. मग डिझेल वाचवायला बोगद्याच्या तोंडाशी त्याचा हात आपोआप गिअरकडे जातो. ज्या गिअरने चढ चढला त्याच गिअरने उतार उतरायचा, हे उस्तादाने मला शिव्या देऊन शिकवले. न्यूट्रल केले की इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर तापला की जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. कोणी इंजिनच बंद केले तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबासरशी हवा कमी होत जाते आणि डॅशबोर्डवरचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. त्या क्षणी कसलेला ड्रायव्हरही काही करू शकत नाही.

चाकणकर :
नोंदणीकृत कंपनीत हे आता चालत नाही. आमच्या गाड्यांना जीपीएस आहे आणि न्यूट्रलमध्ये किती वेळ गाडी चालली, हे कार्यालयात दिसते. दुसऱ्यांदा आढळला तर त्या चालकाला आम्ही काढतो.

वारजेकर :
काढता, म्हणजे तो दुसऱ्या कंपनीत जातो आणि पुन्हा त्याच पुलावर येतो! दोष चालकाचा, मालकाचा की रस्ता आखणाऱ्यांचा, हे ठरेपर्यंत आमच्या भागातल्या लोकांनी मरत राहायचे का? आपण कार्यालयात पडद्यावर बघता. मी तिथे रस्त्यावर काचांचा खच आणि एका लहान मुलाची चप्पल पाहिली आहे.

चाकणकर :
चप्पल पाहिली म्हणून सगळे मालक खुनी ठरत नाहीत. कृपया भाषा सांभाळा.

निगडीकर :
दोघांनीही थोडे थांबावे, कारण वारजेकरांचा प्रश्न मूळ मुद्द्यापासून दूर नाही. मी वाचलेल्या करारात डिझेलची तूट प्रशिक्षण काळातल्या विद्यावेतनातूनही कापण्याचे कलम होते. म्हणजे शिकत असतानाच मुलाला न्यूट्रलचे आमिष दाखवले जाते, आणि वर्गात फळ्यावर सुरक्षिततेचे नियम लिहिले जातात. चाकणकर, विजया बँकेचा निकाल आपण अर्धा सांगितला. तो बँक अधिकाऱ्याचा खटला होता. त्याचा पगार आणि भरतीवर झालेला खर्च पाहून ती रक्कम वाजवी ठरली. करार कायद्याच्या ७४ व्या कलमातही वाजवी भरपाई इतकेच मिळते, कागदावर लिहिलेला आकडा आपोआप मिळत नाही. विद्यावेतनावरच्या मुलाला तेविसाव्या महिन्यात दीड लाख मागणे वाजवी आहे, असे आपण स्वतः म्हणू शकाल का?

धायरीकर :
आपण सगळे भांडत आहात, पण आमच्या घरी हा निर्णय याच आठवड्यात घ्यायचा आहे. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा आहे, हलक्या वाहनाचा परवाना काढून त्याला वर्ष होऊन गेले आहे, आणि त्याला अशाच कंपनीचे पत्र आले आहे. आई नको म्हणते, कारण नवले पूल आमच्या घराजवळच आहे आणि प्रत्येक अपघाताचा आवाज तिने ऐकला आहे. भावाला मात्र ट्रकचे लहानपणापासून वेड आहे. स्वतः पैसे भरून शिकवण्याची आमची ऐपत नाही. त्याने काय विचारावे, एवढेच सांगा.

चाकणकर :
ताई, मूळ परवाना कोणाकडेही जमा करू देऊ नका. गाडी चालवताना तो किंवा डिजिलॉकरमधली प्रत त्याच्याजवळच हवी. बाँडची रक्कम महिन्यागणिक उतरती ठेवल्याने कंपनीचे फार बिघडत नाही, एवढे मी निगडीकरांचे मान्य करतो. ‘उचल’ मात्र मान्य नाही.

निगडीकर :
आणि मला आपले ‘फार बिघडत नाही’ मान्य नाही, कारण तसे असते तर ते करारात आधीच लिहिलेले असते. तरीही ऐपत नसलेल्या मुलाला दुसरा रस्ता कमीच आहे, हे मी नाकारत नाही. धायरीकरताई, रोजचे तास लेखी मागा. आठ तासांची मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून चालत आली आहे, पण करारात तिचा उल्लेख क्वचितच असतो. डिझेलच्या तुटीचे कलम असेल तर ते काढायला लावा.

मंचरकर :
ताई, कागद नंतर वाचा. आधी भावाला त्यांच्या मैदानावर पाठवा आणि शिकवणारी गाडी भरलेली असते की रिकामी, हे बघायला सांगा. मान्यताप्राप्त केंद्रात अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यातले किती तास घाटात आणि किती कुंपणाच्या आत, हे शिकवणाऱ्यालाच विचारावे. रिकाम्या गाडीवर शिकलेल्याला माल भरल्यावर ब्रेक कळत नाही.

धायरीकर :
भाऊ जाऊन आला. कंपनीने परवाना परत देण्याचे आणि रक्कम दर महिन्याला कमी करण्याचे लिहून दिले, पण डिझेलचे कलम काढायला नकार दिला. शिकवणी पूर्णपणे रिकाम्या गाडीवर आणि आवारातच होते. घाट नोकरी लागल्यावर दाखवू, असे तिथल्या प्रशिक्षकाने सांगितले. भावाने सही केलेली नाही. तो आता घाटात शिकवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या शोधात आहे. कोणाला माहीत असेल तर कृपया कळवावे.