पडदा सुकतो, वाळतो की आटतो?

प्रश्न : इंधन घटावरच्या (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या घटावरच्या) लेखात, त्यातल्या प्रोटॉन वाहणाऱ्या पातळ पडद्याबद्दल मी 'उष्ण, कोरड्या हवेत पडदा वाळतो' असं लिहिलंय. संपादक म्हणतात, 'सुकतो' करा. फरक पडतो का? आणि पडद्याचं नाव 'प्रोटॉन विनिमय पटल' असंच ठेवू का?

उत्तर : संपादकांचं ऐका. सुकलेलं रोप पाणी मिळालं की तरारतं, वाळलेलं तरारत नाही. (कपडे वाळतात ती गोष्ट वेगळी.) नॅफिऑन या प्लास्टिकचा पडदाही पुन्हा ओलावा मिळाला की बऱ्याच अंशी पूर्ववत प्रोटॉन वाहू लागतो, म्हणून 'सुकतो'. मात्र वारंवार फुगणं-आकसणं चाललं की त्याला चिरा पडतात. 'आटतं' हे क्रियापद आतल्या पाण्यासाठी राखून ठेवा. पडद्यातल्या सल्फॉनिक आम्लाच्या (पाणी ओढणाऱ्या) गटांभोवती जेमतेम काही नॅनोमीटर रुंदीच्या पाणवाटा असतात. शंभर अंशांच्या पुढे त्यांतलं पाणी आटतं, वाटा चिंचोळ्या होतात, मध्येच तुटतात आणि प्रोटॉन अडकतात.

प्रश्न : मग एवढं तापवायचंच कशाला?

उत्तर : गरम घटात उत्प्रेरक असलेल्या प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइड कमी बाधतो, आणि उष्णता बाहेर टाकायला रेडिएटरही लहान पुरतो.

आणखी एक : सिलिका, टायटॅनिया, ग्राफीन ऑक्साइड यांचे नॅनोकण पडद्यात घालतात त्याला 'भेसळ' म्हणू नका, कृपा करा! 'भरण' म्हणा, आणि तयार होतो तो 'संमिश्र पडदा'. सिलिकाच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट पाणी धरून ठेवतात, म्हणून 'जलधारक भरण' नेमकं बसतं. नुसती सिलिका प्रोटॉन फारसा वाहत नाही, त्यामुळे तिच्यावरही सल्फॉनिक गट जोडतात. प्रमाण वजनाच्या काही टक्क्यांपुरतंच, कारण जास्त झालं की कणांच्या गुठळ्या होतात, पडदा ठिसूळ होतो. इथे 'गुठळ्या'च लिहा, 'समूहन' वगैरे नको.

'विनिमय' मला खटकतो. तो आयन-विनिमय रेझिनांकडून आलाय. चालू घटात प्रोटॉन ॲनोडकडून कॅथोडकडे जातो, त्याच्या बदल्यात उलट काही येत नाही. 'प्रोटॉनवाहक पडदा' लिहा. 'पटल'ही चालेल, पण मग लेखभर तेच ठेवा.

एक पुरवणी. पॉलिबेन्झिमिडाझोल या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पडद्यात फॉस्फोरिक आम्ल मुरवतात. तो साधारण 160 अंशांवर, बाहेरून ओलावा न देता चालतो. म्हणून त्याच्यासाठी 'सुकतो' हे क्रियापद वापरू नका. घट थंड असताना आत वाफेचं पाणी झालं, तर त्याच्याबरोबर आम्ल धुऊन जातं, आणि त्याची खरी दुखणी तिथे सुरू होतात.