दोघांनीही पतंगीला नायलॉन मांजाच लावला, शिव्या मात्र एकालाच. हे बरोबर आहे का?

नंदनवनवाला
संक्रांतीला आमच्या गल्लीत झालं ते सांगतो, तुम्हीच सांगा कोण चुकलं. माझा पोट्टा नववीत, समोरच्यांचा दहावीत. दोघांनी काँट्री काढून एकच चक्री आणली, नायलॉनची, आणि अर्धी-अर्धी गुंडाळून घेतली. मले माहीत होतं, खोटं कायले बोलू, गच्चीवर चक्री धरून मीच तर उभा होतो. दुपारी समोरच्याची पतंग कटली, धागा रोडवर आडवा आला अन् एक डिलिव्हरीवाला पोरगा गाडीवरून पडला. मफलर होता म्हणून गळा वाचला, तरी हनुवटीखाली 11 टाके, आणि धागा पकडायला गेला तर डाव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत कापली.

तेव्हापासून अख्खी गल्ली समोरच्या पोट्ट्याकडे खुनी असल्यासारखं पाहून राहिली. त्याची आई भाजीच्या ठेल्यावरही येत नाही. अन् माझ्या पोट्ट्याला शेजारच्या काकूंनी हातावर तिळगूळ ठेवला, "तू शहाणा आहेस रे बाबा" म्हणून!! आता दोघांनी केलं तर सेमच ना? एकाचा धागा कोणाच्या गळ्यात गेला, दुसऱ्याचा झाडात अडकला, एवढाच फरक. जे झालं त्यावरूनच माणूस चांगला की वाईट ठरवायचं असेल तर मग माझा पोट्टा सुटला, पण मले काही झोप येऊन नाही राहिली.

काळा_कोट
कायद्याला तुमचा प्रश्न नवीन नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 125 काढून बघा. बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, कुणाला काही झालं नाही, तरी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कृत्याने दुखापत झाली की कैद 6 महिन्यांवर जाते, गंभीर दुखापत झाली की 3 वर्षांवर. कृत्य तेच, शिक्षा खालून जाणाऱ्याच्या नशिबावर. तुमची पोरं अल्पवयीन, त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल ती गोष्ट वेगळी. पण ती पहिली पायरी विसरू नका, कुणाला खरचटलंही नाही तरी गुन्हा आहेच. आणि नायलॉन मांजावर हरित लवादाने 2017 लाच देशभर बंदी घातलेली आहे, त्यामुळे चक्री धरणाऱ्या बापाने "पोरं आहेत हो" म्हणू नये.

महालच्या आजी
महाभारतात, कर्णपर्वात, श्रीकृष्ण अर्जुनाला दोन गोष्टी सांगतो, युधिष्ठिरावर तलवार उपसून उभा असतो ना तो तेव्हा. एक कौशिक नावाचा ब्राह्मण, कायम खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांना भिऊन लोक रानात लपले, दरोडेखोरांनी ह्याला विचारलं कुठे गेले, ह्याने खरं ते सांगितलं, लोक मेले आणि हा नरकात गेला. दुसरा बलाक व्याध. आंधळ्या आईबापांसाठी शिकार करायचा, एकदा पाणी पिणारं एक आंधळं जनावर मारलं, तर ते निघालं सगळ्या प्राण्यांच्या मुळावर उठलेलं, झालं, वरून फुलं पडली आणि बलाक स्वर्गात. मला कौशिकाची गोष्ट पटते, कारण दरोडेखोर काय करणार हे त्याला दिसत होतं. बलाकाची कधीच नाही पटली हो, त्या बिचाऱ्याला काय माहीत होतं! त्याला लॉटरी लागली. तुझ्या मुलाचा तिळगूळही तसलाच.

तर्री_जास्त_मार
काहून एवढं डोकं लावून राहिले बे सगळे. ज्याचे बोटं कापले त्याले पाहाले कोनी गेलं काय??

एमए_पार्ट_टू
आजींनी जे म्हटलं त्याला 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी नाव दिलं, नैतिक नशीब म्हणू आपण. परिणामावरून पारख करायची म्हणणारे सगळे सारखे नसतात, हे इथे सुटून जातंय. झालेला परिणाम बघायचा, की धागा सोडताना जो होण्याची शक्यता डोळ्यांना दिसत होती तो? दुसरा बघितला तर दोन्ही पोरं एकाच रांगेत, कारण दरवर्षी नागपुरात संक्रांतीच्या आधी गळे कापल्याच्या बातम्या येतात, माहीत नव्हतं असं कुणी म्हणूच शकत नाही. टिळकांनी गीतारहस्यात बेंथॅम-मिल या परिणामावरून पारख करणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञांच्या "पुष्कळांचं पुष्कळ सुख"वर आक्षेप घेतला तो हाच, की कर्त्याची बुद्धी कुठे गेली. पण इथे टिळकही फरक करून देत नाहीत, दोघांची बुद्धी सारखीच, गळा कापायचा तर कुणालाच नव्हता. मला तरी गल्लीचं वागणं बरोबर वाटत नाही. फक्त त्या जखमी पोराला जाऊन हे सांगायची माझी हिंमत होणार नाही, त्याच्यासाठी झालेला परिणाम हाच परिणाम आहे.

नंदनवनवाला
एक गोष्ट वर लिहिली नव्हती. समोरच्याची पतंग आपोआप नाही कटली. पेच माझ्या पोट्ट्याशीच लागला होता, त्याने ढील देऊन काटली, अन् "ओ काट" सगळ्यात जोरात मी ओरडलो. धागा खाली गेला तेव्हा आम्ही नाचून राहिलो होतो. गल्लीतल्या कोणालेच हे माहीत नाही, समोरच्या पोट्ट्याला माहीत आहे, पण तो बोलला नाही.

आजी, तिळगूळ त्याने खाल्ला नाही, दप्तरात तसाच आहे. तर्रीभाऊ, नाही गेलो पाहायला. उद्या जातो, समोरच्यांना पण विचारतो येता का.

तर्री_जास्त_मार
पोट्ट्याले बी घेऊन जा. अन् पैसे घेऊन जा, दोन बोटं बांधलेला मानूस क्लच कसा दाबन, महिनाभर घरीच बसन तो.

नंदनवनवाला
हो. अजून एक विचारतो, अर्धी चक्री दिवाणाखाली पडून आहे. जाळली तर प्लास्टिकचा धूर, कचऱ्यात टाकली तर गाई अन् पाखरं अडकतात. हिचं काय करू?