मदत हवी आहे: सायकलवरून वाइन घरी कशी आणावी?

मंडळी, फेब्रुवारीत नाशिकहून दिंडोरीला सायकलने गेलो होतो. साधारण २५ किलोमीटर. द्राक्षतोडणीचे दिवस, रस्त्यावर क्रेट भरलेले टेम्पो. मुक्काम तिथेच होता, म्हणून संध्याकाळी सायकल लावून निवांत चाखलं. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन अजून जिभेवर आहे: पिकल्या पेरूचा वास, शेवटी लिंबाची तरतरी. सोव्हिन्यो ब्लाँ ही दुसरी पांढरी वाइन मला हिरवी वाटली, ढोबळी मिरचीसारखी. धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन धाटणीची गव्हाची बिअरही प्यायलो. उन्हातल्या राइडनंतर तिच्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी शेनिनची एक बाटली टॉवेलात गुंडाळून कॅरिअरच्या पिशवीत ठेवली. निघायला उशीर झाला, दुपारचं ऊन लागलं. त्याच रात्री घरी उघडली तर पेरू गायब, नुसती शिजलेल्या सफरचंदाची चव. फार हळहळ वाटली.

हे उन्हामुळे झालं की हादऱ्यांमुळे? दोन-चार दिवस फ्रिजमध्ये स्वस्थ ठेवली असती तर चव परतली असती का? पिशवीत बर्फाच्या पॅकसोबत कुणी बाटली आणली आहे का, किती तास गारवा टिकला? पुढच्या महिन्यात पुण्याला भावाकडे सायकलनेच जायचंय, २०० किलोमीटरच्या वर. त्याला तीच शेनिन पाजायची आहे.