मदत हवी आहे : वळवाच्या ओलीवर बाजरी पेरू का?

नमस्कार मंडळी. आमचं रान दहिवडीजवळ, माण तालुक्यात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात आमच्याकडे ५०० सुद्धा अवघड. ढग सह्याद्रीवरच रिते होतात.

यंदा वळीव चांगला झाला, वीतभर ओल आहे. शेजारी पेरायला निघालेत. पण रान मुरमाड. जूनमध्ये उघडीप पडली तर कोवळी बाजरी करपणार, अन् दुबार पेरणीला पैसा नाही. विहिरीनं तळ गाठलाय, जनावरांच्या वैरणीचाही घोर आहे.

ओढ्याकाठचा काळा तुकडा शाळूसाठी राखलाय, त्याची मदार परतीच्या पावसावर. प्रश्न माळाचा आहे. खटाव, आटपाडी, जतकडच्या जाणत्यांनी सांगा: मुरमाड रानात ओल किती खोल गेल्यावर पेरता? की बाजरी सोडून मटकी-हुलगाच टाकू?