इंजिन बांधतो मी, मिसळ खाते मेव्हणी

मखमलाबादकर:
दर रविवारी मेव्हणीबरोबर डोमिनियन: पत्त्यांचा खेळ, नाण्यांनी पानं विकत घेऊन आपापला डेक (पत्त्यांचा गठ्ठा) बांधायचा. हरेल त्याने मिसळ आणायची. सलग पाचव्यांदा डबा घेऊन रांगेत मीच. परवा टेबलावर विकत घ्यायला व्हिलेज, स्मिथी, चॅपेल, मिलिशिया, मार्केट वगैरे पानं होती. मी पाच व्हिलेज घेतली, एक स्मिथी, एक मार्केट. मेव्हणीने एक स्मिथी घेतली आणि पुढे नुसतं सिल्व्हर-गोल्ड, म्हणजे पैशांची पानं. दोघांचा डाव, म्हणजे प्रॉव्हिन्स (भरघोस गुणांची पानं) आठ. सहा तिने नेले. माझ्या हातात कायम व्हिलेज, व्हिलेज आणि सुरुवातीचीच हलकी पानं: इस्टेट, कॉपर, कॉपर. चुकतंय कुठे?

द्वारका_सर्कल:
चॅपेल घेतलं होतंत का?

मखमलाबादकर:
नाही. त्याने आपल्याच डेकमधली पानं कायमची फेकायची, त्यात पाळी कोण घालवणार? आणि कॉपर म्हणजे पैसेच ना.

सिडकोची काकू:
तिथेच घोडं पेंड खातंय. व्हिलेज खेळलास की एक पान जातं, एक येतं. तीन खेळ, हात पाचाचा पाचच. ॲक्शन, म्हणजे अशी पानं खेळायच्या संधी, मात्र चार शिल्लक, आणि त्या खर्चायला स्मिथी नाही! स्मिथीने एकाची तीन पानं येतात. मी आधी स्मिथ्या घेते. दोन एकाच हातात येऊन ॲक्शनअभावी दुसरी वाया जायला लागली, की मग व्हिलेज.

आणि चॅपेल दोन नाण्यांचं आहे रे. सहापैकी पाच वेळा पहिल्या दोन पाळ्यांत चार-तीन नाणी येतात. चारात सिल्व्हर, तीनात चॅपेल. पाच-दोन आले तर मार्केट आणि चॅपेल, चैनच. मग ते हाती आलं की इस्टेट आधी फेकायच्या. त्या पाळीला बहुधा काही विकत घेता येत नाही, जीव जळतो. माहेरी द्राक्षबाग आहे आमची; एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेकडे बघवत नाही. पण छाटल्याशिवाय माल धरत नाही.

द्वारका_सर्कल:
काकूंचं बरोबर, पण मी इंजिनच्या (पानामागून पान ओढत नेणाऱ्या डेकच्या) नादी लागण्याआधी जास्तीचा बाय, म्हणजे त्याच पाळीत आणखी एक पान विकत घ्यायची मुभा, शोधतो. सोळा नाणी जमली आणि बाय एकच, तर प्रॉव्हिन्सही एकच. तेवढं तुमची मेव्हणी आठ नाण्यांत करते. तुमच्याकडे बाय देणारं मार्केट होतं, म्हणजे वाव होता. बाय देणारं काहीच नसेल तर मी मुकाट सिल्व्हर घेतो.

मखमलाबादकर:
काल खेळलो. चॅपेलचा इतका जोर चढला की सहा कॉपर उडवले. डेक चकाचक, स्मिथी-व्हिलेज सुसाट, अख्खा डेक हातात. नाणी? तीन.

सिडकोची काकू:
अरे देवा. गोल्ड येईपर्यंत तीन-चार कॉपर ठेवायचे असतात!

मखमलाबादकर:
हे मिसळीच्या रांगेत कळलं. तरी प्रॉव्हिन्स पाच-तीन झाले. आणि मेव्हणीने जास्तीचा रस्सा मागवला.